चार मिनिटांचा मैल : ऐकीव कथा आणि घड्याळातली हकीकत



आज ज्या गोष्टीवर मी बोलणार आहे ती गोष्ट गेली पंचवीस-तीस वर्षे मी स्वतःच चुकीची सांगत आलो आहे. शाळांच्या बक्षीस समारंभांत सांगितली, समाजाच्या मेळाव्यांत सांगितली, दवाखान्यात तर किती वेळा सांगितली याची मोजदाद नाही. गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. माणूस एक मैल चार मिनिटांच्या आत धावूच शकत नाही, असे सारे जग धरून चालले होते. डॉक्टर म्हणत होते, प्रयत्न केलात तर छाती फुटेल. मग १९५४ साली रॉजर बॅनिस्टर नावाच्या इंग्रज तरुणाने ते करून दाखवले आणि पाठोपाठ वर्षभरात ढिगाने माणसे चार मिनिटांच्या आत धावली. म्हणजे काय, तर भिंत शरीरात नव्हतीच, ती मनात होती. एवढे म्हणून मी थांबायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे.

ही गोष्ट मी एका मुलालाही सांगितली होती. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे सैन्यभरती हा इथल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या आयुष्यातला केवढा मोठा विषय आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. पहाटे कॅम्पाच्या बाजूला फिरायला जाणाऱ्यांनी ही मुले पाहिलेली आहेत. त्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, ‘सोळाशे’. म्हणजे १६०० मीटर. त्या वेळच्या नियमाने ते ५ मिनिटे ३० सेकंदांत पार केले तर ६० गुण, ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत ४८ गुण आणि त्यानंतर आलेला मुलगा घरी. हा मुलगा काही महिने ५ मिनिटे ५० सेकंदांवर अडकला होता. पाच सेकंद कमी होत नव्हते. मी त्याला बॅनिस्टर सांगितला. ‘भिंत मनात असते, उद्या पाडून टाक’ म्हणालो.

तो रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पुरे सोळाशे जीव तोडून पळू लागला. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नडगी दुखते म्हणून आला. मी पुड्या दिल्या आणि पुन्हा तेच सांगितले, दुखण्याकडे लक्ष देऊ नकोस. पुढे त्याच्या काकांनी हाडांच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा एक्सरेत नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर दिसली. रोज त्याच जागी आपटून आपटून गेलेली ती चीर होती. भरती निघून गेली आणि पुढची भरती येईपर्यंत त्याचे वय निघून गेले. त्याने मला कधी शब्दाने बोल लावला नाही. दोन-तीन वर्षांनी सहज भेटला तेव्हा मात्र त्याने विचारले, ‘डॉक्टर, तो तुमचा बॅनिस्टर रोज किती पळत होता? आणि त्याच्या पुढं कोण होतं?’

मला उत्तर देता आले नाही. ज्या गोष्टीच्या जोरावर मी त्याला पळायला लावले, त्या गोष्टीतला माणूस दिवसाला किती पळत होता हेसुद्धा मला माहीत नव्हते. मग मी वाचायला लागलो.

प्रथम त्या मैलाविषयी. ज्येष्ठ मंडळींना फर्लांग आठवत असेल. ८ फर्लांगांचा मैल, म्हणजे १७६० यार्ड, आजच्या मापाने १६०९ मीटर. इंग्रजांच्या मैदानांवर धावण्याची फेरी २ फर्लांगांची, ४४० यार्डांची असे. अशा बरोबर ४ फेऱ्या म्हणजे मैल. चार फेऱ्या आणि चार मिनिटे, म्हणजे फेरीला एक मिनिट. हिशेब इतका गोल बसतो की तो माणसाच्या डोक्यात रुतून बसणारच. वेग काढला तर ताशी २४ किलोमीटर पडतो. आपल्या भरतीच्या मुलाला साडेपाच मिनिटांत यायचे तर ४०० मीटरच्या फेरीला साडेब्याऐंशी सेकंद मिळतात. त्याच्या जागी साठ सेकंदांत फेरी मारायची आणि अशा चार मारायच्या.

या आकड्यापर्यंत माणसे पायरीपायरीने येत होती. १९२३ साली फिनलंडच्या पाव्हो नुर्मीने ४ मिनिटे १०.४ सेकंद नोंदवले. १९३३ मध्ये न्यूझीलंडच्या जॅक लव्हलॉकने ४:०७.६ केले. हा लव्हलॉक ऑक्सफर्डच्या ज्या एक्सेटर कॉलेजात शिकला आणि लंडनच्या ज्या सेंट मेरीज रुग्णालयात डॉक्टर झाला, तेच कॉलेज आणि तेच रुग्णालय पुढे बॅनिस्टरच्या वाट्याला आले. डॉक्टरांचे आणि मैलाचे काही नाते असावे असे मला उगाच वाटून जाते. १९३५ मध्ये ब्रूटस हॅमिल्टन या अमेरिकन प्रशिक्षकाने मानवी पराकाष्ठेची एक यादी केली. तीत मैलाची शेवटची मर्यादा ४ मिनिटे १.६ सेकंदांच्या आसपास ठेवली होती. ही मर्यादा जेमतेम दहा वर्षे टिकली.

ती मोडली स्वीडनमध्ये. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ होता. बाकीच्या युरोपातली तरुण मुले आघाडीवर मरत असताना गुंडर हॅग आणि आर्ने अँडरसन हे दोन स्वीडिश धावपटू एकमेकांचे विक्रम मोडत होते. १९४२ ते १९४५ या काळात मैलाचा विक्रम त्या दोघांत पुन्हा पुन्हा खाली आला. १९४४ साली अँडरसन ४:०१.६ वर पोहोचला, म्हणजे हॅमिल्टनच्या मर्यादेवरच. १७ जुलै १९४५ रोजी मालमो येथे हॅगने ४:०१.४ केले.

इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हॅगच्या सरासरी वेगाने चार मिनिटे पूर्ण झाली तेव्हा तो कुठे असेल? हिशेब केला तर तो बरोबर १६०० मीटरवर येतो. म्हणजे आपल्या मुलांचे जे ‘सोळाशे’ आहे ते हॅगने १९४५ सालीच चार मिनिटांत पार केले होते. राहिले होते फक्त नऊ मीटर. या सभागृहात व्यासपीठापासून आठव्या-नवव्या रांगेपर्यंत असेल तेवढे अंतर. मैल जर नऊ मीटरने आखूड असता तर ‘अशक्य’ म्हणून ज्याचा गाजावाजा झाला ते बॅनिस्टरच्या नऊ वर्षे आधीच शक्य झालेले असते, आणि ही सारी कथा जन्मालाच आली नसती. ज्या अडथळ्याची जागा इंग्रजांच्या यार्डावर अवलंबून आहे, तो माणसाच्या हृदयाचा किंवा फुप्फुसांचा अडथळा कसा म्हणायचा?

पण मग नऊ वर्षे लागली ती का? माझ्या जुन्या गोष्टीत याचे उत्तर सोपे होते, मनाची भीती. हे उत्तर तपासून पाहायची एक युक्ती मला सापडली आणि ती सापडल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. मैलाची सख्खी बहीण म्हणजे १५०० मीटरची शर्यत. धावपटू तेच, तयारी तीच. पण १५०० मीटरमध्ये कुठलाही गोल आकडा आड येत नाही. तिथला विक्रम होता ३ मिनिटे ४३ सेकंद. तोही हॅगचाच, १९४४ सालचा. १९४७ मध्ये स्वीडनच्याच लेनार्ट स्ट्रँडने त्याची बरोबरी केली, १९५२ मध्ये जर्मनीच्या वर्नर ल्युगने केली. मोडला मात्र कोणीच नाही, तो थेट जून १९५४ पर्यंत. ३ मिनिटे ४३ सेकंद या आकड्याला कोणी घाबरत नव्हते, त्यावर कोणी अग्रलेख लिहिले नव्हते, छाती फुटेल असेही कोणी म्हणत नव्हते. तरी तिथेही घड्याळ दहा वर्षे तसेच थांबलेले होते. शेजारच्या दोन घरांतले दिवे एकाच वेळी गेले असतील तर दोष एका घरातल्या बल्बचा नसतो.

दोष कुठे होता हे शोधायला लांब जावे लागत नाही. युद्धाने धावपटूंची एक पिढी खाल्ली. युद्धानंतर इंग्लंडमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग कित्येक वर्षे चालू होते. हॅग आणि अँडरसन यांच्यावर शर्यतींसाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून १९४६ मध्ये कायमची बंदी आली, त्या काळात हौशी खेळाडूने पैसा घेणे म्हणजे पापच मानले जाई. जे दोघे एकमेकांना ओढत तिथवर आले होते, तेच असे बाजूला काढले गेले. त्यानंतर त्या उंचीवर पुन्हा माणसे यायला वेळ लागला यात गूढ काही नाही.

१९५२ च्या सुमारास ती आली. तीन देशांत तीन माणसे. ऑस्ट्रेलियात जॉन लँडी, अमेरिकेत वेस सँटी आणि इंग्लंडात बॅनिस्टर. लँडी पुन्हा पुन्हा ४:०२ च्या आसपास येऊन थांबत होता. चार मिनिटे म्हणजे विटांची भिंत आहे, अशा अर्थाचे तो एकदा वैतागून बोलला, आणि जगाने ते वाक्य उचलले. पण लँडीची खरी अडचण काय होती? ऑस्ट्रेलियात त्याच्या जवळपास धावू शकेल असा कोणीच नव्हता. तो सुरुवातीपासून एकटा पुढे, वारा अंगावर घेत धावे. त्या मुलाचा दुसरा प्रश्न, ‘त्याच्या पुढं कोण होतं?’, हा या साऱ्या प्रकरणातला किती कळीचा प्रश्न आहे हे मला इथे उमगले.

त्यासाठी थोडे शरीरशास्त्र. बीएचएमएसच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र आम्हालाही असते, तेव्हा इतपत सांगण्याचा अधिकार मला आहे असे समजतो. मैल धावताना लागणाऱ्या शक्तीचा तीन-चतुर्थांशाहून मोठा वाटा श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनवर तयार होतो. ही रोजची कमाई. उरलेला वाटा स्नायू ऑक्सिजनशिवाय, उसनवारीने काढतात. या उसनवारीला ठरलेली मर्यादा असते आणि ती वापरली की स्नायूंत आम्लता साठते, पाय शिशाचे होतात. शंभर रुपयांची पत असलेल्या माणसाने पहिल्याच फेरीत सत्तर उचलले तर चौथ्या फेरीत त्याच्या हाती काय राहणार? म्हणून एकसारख्या वेगाने धावणे सर्वांत स्वस्त पडते. दुसरी गोष्ट वाऱ्याची. ताशी २४ किलोमीटरने धावणारा माणूस, हवा स्तब्ध असली तरी, स्वतःच स्वतःसाठी वारा तयार करतो. एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेवर शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेल्या ग्रिफिथ प्यू यांनी पुढे हे मोजले. मध्यम पल्ल्याच्या वेगाने दुसऱ्याच्या अगदी पाठीमागे धावले तर ऑक्सिजनचा खर्च सुमारे ६ टक्के वाचतो असे त्यांना आढळले. चार मिनिटांच्या शर्यतीत विक्रम आणि अपयश यांच्यात पाव टक्क्याचा फरक असतो. तिथे सहा टक्के म्हणजे घबाड.

आमच्या व्यवसायात पेसमेकर म्हणजे हृदयाला ठोका लावून देणारे यंत्र. धावण्याच्या शर्यतीत पेसमेकर म्हणजे माणूस. तो पुढे धावून वेग लावून देतो, वारा अडवतो आणि मागच्याच्या डोक्यावरचा घड्याळाचा भार स्वतः घेतो.

बॅनिस्टर हा हिशेब जाणणारा माणूस होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरमध्ये तो चौथा आला. कार्यक्रमात ऐनवेळी उपांत्य फेरीचा एक दिवस वाढला आणि त्याची बेताची तयारी त्याला पुरली नाही. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्याला फाडून खाल्ले. पदक मिळाले असते तर तो तिथेच धावणे सोडून डॉक्टरकीला लागणार होता. म्हणजे चार मिनिटांची ही कथा एका पराभवामुळे घडली. त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत तो ट्रेडमिलवर माणसांना दमेपर्यंत पळवून श्वसनावर संशोधन करत होता. हवेतला ऑक्सिजन वाढवला तर दम किती वेळ टिकतो, हे त्याने स्वतःवर आणि मित्रांवर करून पाहिले. ६६ टक्के ऑक्सिजनच्या हवेत तीच माणसे कितीतरी जास्त वेळ टिकली. ‘छाती फुटेल’ असे म्हणणारे डॉक्टर गोष्टीत असतात. खऱ्या हकिकतीत डॉक्टर होता तो स्वतः बॅनिस्टर, आणि चार मिनिटांच्या आकड्यात जादू काही नाही असे तो सांगत आला.

आता त्या मुलाचा पहिला प्रश्न. रोज किती पळत होता? उत्तर ऐकून मी चकित झालो. वैद्यकीय विद्यार्थी असल्याने त्याला वेळच नव्हता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रुग्णालयाजवळच्या पॅडिंग्टनच्या मैदानावर जेमतेम अर्धा-पाऊण तास. त्यात पुरा मैल जीव तोडून धावणे नाहीच. एक फेरी, ४४० यार्ड, वेगात. मग दोन मिनिटे संथ. पुन्हा एक फेरी. अशा दहा. डिसेंबर १९५३ मध्ये फेरीला ६६ सेकंद लागत. एप्रिलपर्यंत ६१ वर आला आणि तिथे अडकला. श्रोतेहो, तोही अडकला होता, आमच्या मुलासारखाच! पण त्याने काय केले? आणखी जोर लावला नाही. मित्र ख्रिस ब्रॅशर याच्याबरोबर तो काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला निघून गेला. परत येऊन धावला तेव्हा फेरी ५९ सेकंदांत झाली. आणि शर्यतीच्या आधीचे पाच दिवस त्याने पूर्ण विश्रांती घेतली.

माझ्या आजीने दशलक्षण पर्वात दहा उपवास केले होते. आम्हा मुलांना तो चमत्कार वाटे. आई सांगायची, अरे, आधी कित्येक वर्षे एकाशन, मग एकाआड एक उपवास, असे करत ती तिथवर आली. निश्चय तिचा होताच, पण शरीराला विचारून केलेला निश्चय होता. हे मी घरात पाहिले होते आणि दवाखान्यात विसरलो.

६ मे १९५४, गुरुवार. सकाळी बॅनिस्टर नेहमीप्रमाणे रुग्णालयात गेला. प्रयोगशाळेतल्या धार लावायच्या चाकावर त्याने बुटांचे खिळे घासले आणि मैदानातली राख चिकटू नये म्हणून त्यांना ग्रॅफाइट चोळले. त्या काळचे ट्रॅक कोळशाच्या राखेचे असत. मग पॅडिंग्टन स्टेशनवरून ऑक्सफर्डची गाडी. गाडीत योगायोगाने प्रशिक्षक फ्रान्झ स्टाम्फल भेटले. वारा जोराचा होता आणि बॅनिस्टरला ताकद पुढच्या चांगल्या दिवसासाठी राखून ठेवावी असे वाटत होते. स्टाम्फल म्हणाले ते अशा अर्थाचे होते की, तू ३:५६ सुद्धा धावू शकतोस, आणि आजची संधी सोडलीस आणि पुन्हा आलीच नाही तर स्वतःला क्षमा करशील का? मनाचे काम मला या गाडीच्या डब्यात दिसते. तयारी पूर्ण झालेली, हिशेब पक्का, आणि तरी पाऊल उचलायला कचरणारा माणूस. तिथे शब्द उपयोगी पडतो. मी तो शब्द तयारी नसलेल्या मुलाला दिला होता.

इफ्ली रोडच्या मैदानावर संध्याकाळी सहाला शर्यत होती. जवळच्या चर्चवरचा झेंडा फडफडत होता. बॅनिस्टर त्याच्याकडे पाहत राहिला. सुरुवातीच्या थोडे आधी वारा पडला, झेंडा मलूल झाला, आणि त्याने मित्रांना सांगितले, आज करायचे.

आधीच्या वर्षी, २७ जून १९५३ ला, त्याने ४:०२.० केले होते. पण तेव्हा ब्रॅशर मुद्दाम रेंगाळत मागे राहिला, फेरीने मागे पडल्यावर वेग लावून द्यायला पुढे आला. ही शर्यत नव्हे, ही सोय झाली, असे म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती वेळ मानायला नकार दिला. माझ्या मते बरोबरच केले. म्हणून या वेळी मदतनीसही प्रामाणिकपणे शर्यतीत हवे होते. पहिल्या दोन फेऱ्या ब्रॅशर पुढे. पहिल्या फेरीत बॅनिस्टरच्या पायात इतकी ताकद मावत नव्हती की तो मागून ‘आणखी जोरात!’ म्हणून ओरडला. ब्रॅशरने वेग तसाच ठेवला. फेरी झाली ५७.५ सेकंदांत, म्हणजे हवी त्याहून वेगवानच. ब्रॅशरने त्या क्षणी ऐकले असते तर उसनवारी तिथेच संपली असती. अर्धा मैल १:५८.२. मग ख्रिस चॅटवे पुढे आला. पाऊण मैल ३:००.५. शेवटच्या फेरीत, दोनशेहून थोडे अधिक यार्ड उरले असताना, बॅनिस्टर चॅटवेला ओलांडून पुढे गेला. फेऱ्यांची वेळ लावली तर ५७.५, ६०.७, ६२.३ आणि ५८.९. तिसरी फेरी सर्वांत मंद, कारण दम लागलेला असतो पण शेवट अजून दिसत नसतो. १५०० मीटरच्या खुणेवर त्याची वेळ ३:४३.० होती असे नोंदले आहे. हॅगचा दहा वर्षांपूर्वीचा आकडा तोच! फरक इतकाच की बॅनिस्टरजवळ पुढच्या १०९ मीटरसाठी काही शिल्लक उरले होते. दोन माणसांनी ते त्याच्यासाठी राखले होते.

शेवटी तो कोसळला. काही क्षण त्याला रंगसुद्धा दिसेनासे झाले. ध्वनिक्षेपकावर नॉरिस मॅक्व्हर्टर यांनी नावे, मैदानाचा विक्रम, देशाचा विक्रम, जागतिक विक्रम अशी लांबण लावत शेवटी ‘वेळ, तीन मिनिटे...’ म्हटले आणि पुढचे कोणालाच ऐकू आले नाही. पूर्ण वेळ ३ मिनिटे ५९.४ सेकंद. हॅगपेक्षा बरोबर दोन सेकंदांनी कमी.

आता त्या ‘ढिगाने धावलेल्या’ माणसांचे पाहू. २१ जून १९५४ ला, म्हणजे ४६ दिवसांनी, लँडी फिनलंडमधल्या तुर्कू येथे ३:५८.० धावला. मनाची भिंत पडली म्हणूनच ना, असे मी म्हणायचो. पण तुर्कूच्या शर्यतीत लँडीच्या पाठीवर कोण होता? चॅटवे, तोच बॅनिस्टरचा मित्र. लँडीला पहिल्यांदा बरोबरीला कोणी मिळाले होते, आणि मैदानही उत्तम होते. ७ ऑगस्टला कॅनडातल्या व्हँकुव्हर येथे राष्ट्रकुल स्पर्धेत दोघे समोरासमोर आले. लँडी पुढे होता. शेवटच्या वळणावर त्याने डाव्या खांद्यावरून मागे पाहिले आणि नेमका त्याच क्षणी बॅनिस्टर उजव्या बाजूने निघून गेला. बॅनिस्टर ३:५८.८, लँडी ३:५९.६. त्या क्षणाचा पुतळा व्हँकुव्हरमध्ये उभा आहे. लँडीच्या पायाला शर्यतीआधी जखम होऊन टाके पडले होते, ते त्याने शर्यतीआधी लोकांना कळू दिले नव्हते.

१९५४ साली एवढेच दोघे. १९५५ च्या मे महिन्यात लंडनमध्ये एकाच शर्यतीत तिघे चार मिनिटांच्या आत आले, हंगेरीचा लास्लो ताबोरी, चॅटवे आणि ब्रायन ह्यूसन. म्हणजे १९५५ संपेपर्यंत साऱ्या जगात पाच माणसे. आणि वेस सँटी? भिंत पडल्याचे त्यालाही कळले होते. बॅनिस्टरनंतर महिन्याभरातच त्याने १५०० मीटरचा तो जुना विक्रम मोडला, मैलात मात्र चार मिनिटांवर अर्ध्या सेकंदाने अडला आणि आयुष्यात कधी आत आला नाही. माझ्या गोष्टीत सँटीला जागाच नव्हती.

जागा नव्हती अशी आणखी एक व्यक्ती आहे. २९ मे १९५४ ला, बॅनिस्टरनंतर तीनच आठवड्यांनी, बर्मिंगहॅम येथे डायेन लेदर या तरुणीने मैल पाच मिनिटांच्या आत धावून दाखवला, ४:५९.६. असे करणारी ती पहिली स्त्री. स्त्रियांच्या मैलाला तेव्हा अधिकृत जागतिक विक्रमाचा दर्जाच नव्हता, त्यामुळे ती वेळ विक्रम म्हणून गणली गेली नाही. आज पुरुषांचा विक्रम मोरोक्कोच्या हिशाम एल गेरुजच्या नावावर आहे, १९९९ साली रोममध्ये ३:४३.१३. स्त्रियांमध्ये केनियाच्या फेथ किप्येगॉनने २०२३ मध्ये ४:०७.६४ केले. २०२५ च्या जूनमध्ये पॅरिसला पुढे-मागे वारा अडवणारे धावपटू घेऊन, खास बूट-कपडे घालून तिने चार मिनिटांचा प्रयत्न केला. ४:०६ च्या घरात आली. हिंमत तिच्यात तसूभर कमी नव्हती.

बॅनिस्टर १९५४ च्या उन्हाळ्यानंतर स्पर्धेत धावलाच नाही. तो मज्जाविकारतज्ज्ञ झाला, आपल्या नकळत रक्तदाब, घाम, ठोके सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेच्या विकारांवर त्याने चाळीसएक वर्षे काम केले आणि त्या कामाचा अभिमान त्याला मैलापेक्षा जास्त होता. उतारवयात त्याला स्वतःलाच पार्किन्सनचा विकार झाला. २०१८ च्या मार्चमध्ये तो गेला.

हे सारे टिपण मी त्या मुलाकडे घेऊन गेलो. आता त्याला मुलगा म्हणणे बरोबर नाही, त्याचा दुधाचा धंदा आहे, दोन मुले आहेत. रविवारी पहाटे तो गावच्या पोरांना मैदानावर घेऊन जातो आणि स्टॉपवॉच धरून उभा राहतो. मी त्याला ६६, ६१, ५९ हे आकडे दाखवले. त्याने वही काढून उतरवून घेतले. मग विचारले, ‘शेवटचे पाच दिवस पळालाच नाही?’ मी म्हणालो, नाही. ‘आणि पुढं दोघं होते.’ होय, दोघे होते. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, माझी दोन पोरं साडेपाचच्या आत येत्यात डॉक्टर, ती आता मागच्यांच्या पुढं लावतो, एकाला पहिल्या दोन फेऱ्या, दुसऱ्याला तिसरी. आणि डांबरावरनं नाही, शेताच्या कडेनं.